बाळाच्या पहिल्या आंघोळीची धास्ती

प्रसूतीनंतर घरी गेलेले आई-वडील समुपदेशन कक्षात पुन्हा पुन्हा एक प्रश्न विचारतात: बाळाला पहिली आंघोळ घरी घालायची आहे, पण हात लावायचीच भीती वाटते, काय करावे? घरातील मंडळी या प्रश्नाला फारसे महत्त्व देत नाहीत. ‘सगळ्यांची लेकरं अशीच मोठी झाली’ असे म्हणून विषय संपवला जातो आणि भीती मात्र आईजवळच राहते. औसा तालुक्यातील एका जोडप्याचा अनुभव मी येथे मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर हिशेब पाहत होते. आईची आई लहानपणीच वारलेली असल्याने पहिले बाळंतपण माहेरी न होता सासरी झाले होते. मुलगी पूर्ण दिवसांची, वजन २ किलो ७०० ग्रॅम, प्रकृती उत्तम. दोघे तपासणीसाठी आले तेव्हा ती नऊ दिवसांची होती आणि आंघोळीवरून घरात चांगलाच ताण निर्माण झाला होता. सासूबाईंनी न्हाऊ घालायला गावातील एका अनुभवी बाईंना सांगून ठेवले होते. डाळीचे पीठ, साय, तेल, धुरीसाठी ओवा आणि गोवऱ्या अशी सगळी तयारी होती. रुग्णालयातील परिचारिकेने मात्र नाळ कोरडी ठेवायला सांगितले होते. वडिलांनी मोबाईलवर वाचलेल्या गोष्टींनी त्यात आणखी भर घातली होती. आंघोळीचा विषय निघाला की बाळाची आई उठून दुसऱ्या खोलीत जात असे.

“मॅडम, तिची मान बघितली की धडकीच भरते मला,” ती म्हणाली. “हातातून सटकली तर?”

नवजात बाळाची मान सावरलेली नसते, त्यामुळे ही भीती अस्थानी नव्हे. तरीही केवळ निसटण्याच्या भीतीने कोणी खोली सोडून जात नाही, असे मला वाटले. म्हणून बाळाला पकडायचे कसे हे सांगण्याआधी मी तिला विचारले, की समजा काही झालेच, तर पुढे काय होईल असे तुमच्या मनात येते? ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने चुलत बहिणीच्या बाळाची हकीकत सांगितली. त्या बाळाच्या नाकात आंघोळीच्या वेळी तेल सोडले होते, त्यानंतर त्याला न्यूमोनिया झाला आणि तेल फुप्फुसात गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले. बाळ बरे झाले, पण भावकीत मात्र आईनेच पाणी गार ठेवले असे बोलले गेले, आणि तो बोल आजही तिच्या माथी आहे. पतीने ही गोष्ट प्रथमच ऐकली. या बाळंतिणीला पाण्यापेक्षा बोल लागण्याचे भय अधिक होते, आणि आई जवळ नसल्याने आपली बाजू घेणारे कोणी नाही ही जाणीव त्याखाली होती.

आंघोळीची घाई बाळाला नसते, हे मी दोघांना आधी समजावले. जन्मानंतर किमान २४ तास आंघोळ घालू नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण नवजात बाळाच्या अंगातील ऊब पटकन कमी होते. जन्मतः अंगावर असलेला पांढरा थर त्वचेचे रक्षण करतो, तो चोळून काढायचा नसतो. नाळ साधारणतः एक ते दोन आठवड्यांत गळते. तोपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ सुती कापडाने चेहरा, मानेच्या वळ्या, काखा आणि जांघा पुसल्या तरी पुरे. नाळेवर तेल, हळद, राख काहीही लावायचे नाही. नऊ दिवसांत आंघोळ झाली नाही म्हणून बाळाचे काहीच बिघडलेले नव्हते. हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा थोडा उतरला.

सासूबाईंना मी मुद्दाम बोलावून घेतले. त्यांना सूचना देण्याऐवजी त्यांच्या पद्धतीने आंघोळ कशी घालतात ते आधी सांगायला लावले. दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, ऊन चढल्यावरच पाणी काढायचे, पाय पसरून बाळाला पायांवर घ्यायचे, हे सारे त्यांनी बारकाईने सांगितले, आणि यातले बहुतेक शास्त्राला धरूनच आहे. जमिनीलगत पायांवर घेतलेले बाळ पडण्याची शक्यता फारच कमी असते. काही गोष्टी मात्र सोडाव्या लागणार होत्या. नाका-कानात तेल घालणे, डाळीच्या पिठाने अंग रगडणे आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणे, या तिन्हींची कारणे मी एकेक करून सांगितली. “आमच्या वेळेला घालायचेच की,” असे त्या तेलाबद्दल म्हणाल्या. तेल नाकातून थेट श्वासनलिकेत उतरू शकते आणि एवढ्या लहान जिवाला ते खोकून बाहेर टाकता येत नाही, हे समजल्यावर त्यांनी वाद घातला नाही. मालीश तरी करू द्याल ना, एवढेच विचारले. हलक्या हाताने, न ताणता, खोबरेल तेलाने मालीश करायला काहीच हरकत नव्हती. वडीलधाऱ्यांना नुसते ‘हे करू नका’ म्हटले की त्या सूचनेचा राग सुनेवर निघतो, म्हणून त्यांना कारण सांगणे हा मी सुनेच्याच समुपदेशनाचा भाग मानते.

त्यानंतर कामे वाटून घेतली. पाण्याची जबाबदारी वडिलांची: बादलीत आधी गार पाणी, मग त्यात गरम, हाताने नीट ढवळून कोपर बुडवून पाहायचे, कोपराला ना गरम ना गार लागले की पाणी योग्य, म्हणजे साधारण ३७ ते ३८ अंश सेल्सिअस. बाळ जवळ असताना गरम पाणी वरून ओतायचे नाही आणि हीटरचा रॉड लावलेली बादली त्या खोलीत ठेवायचीच नाही. बाळाला पायांवर आजी घेणार आणि आई पाणी घालणार. कोरडा पंचा, अंगडे, टोपरे, दुपटे आधीच हाताशी ठेवायचे. कक्षातील बाहुलीवर आईने सराव केला: डाव्या हाताच्या मनगटाजवळ बाळाचे डोके व मान टेकवायची आणि त्याच हाताच्या बोटांनी पलीकडच्या दंडाला काखेतून धरायचे. असे धरल्यावर अंग ओले असले तरी बाळ सहजी निसटत नाही. पहिल्या खेपेला तिची बोटे थरथरत होती, पण नंतर ती पतीलाच दाखवू लागली.

बाळ रडेल, हेही मी आधीच सांगून ठेवले. उघडे अंग आणि हवेचा गारवा यामुळे ते रडते. त्यावरून कोणाच्या हातून चूक झाली असे ठरत नाही. तळहात-तळपाय किंचित निळसर दिसले तर पोटाला हात लावून पाहावे, आणि अंग गार वाटल्यास कोरडे करून लगेच आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरावे. ओठ किंवा जीभ निळी पडणे, दूध न ओढणे, श्वास जोरात चालणे, ताप, पांघरूनही अंग गारच राहणे किंवा नाळेभोवती लाली आणि पू दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास मात्र वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

बाराव्या दिवशी नाळ गळली, बेंबी कोरडी झाली आणि त्यानंतर एका दुपारी त्यांनी ठरल्याप्रमाणे आंघोळ घातली. पाच मिनिटांच्या आत सगळे आटोपले. मुलगी रडली, पुसल्यावर दूध प्यायली आणि झोपली. पुढच्या भेटीत वडिलांनी विचारले, की आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे, रोज आंघोळ घालावी का? रोज घालण्याची गरज नसते; आठवड्यातून दोन-तीनदा पुरेशी असते, एरवी पुसून घ्यावे आणि साबण अगदी सौम्य व थोडाच वापरावा. ज्या बाळाचे वजन जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी असते, त्याच्या बाबतीत मात्र आंघोळ कधी सुरू करायची ते डॉक्टरांना किंवा घरभेटीला येणाऱ्या आशाताईंना विचारूनच ठरवावे.

आईची झोप, भूक आणि रडू येणे याबद्दल मी दोन्ही भेटींत विचारले. प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत मन हळवे होणे स्वाभाविक असते आणि बहुतेकींचे ते दोन आठवड्यांत ओसरते. या आईचेही ओसरले. ते त्यानंतरही टिकले, बाळ झोपलेले असतानाही झोप लागेनाशी झाली, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येऊ लागले, तर तो आजार समजून उपचार घ्यायचे असतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवता येते आणि शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक मी आईबरोबर वडिलांनाही लिहून देते, कारण अशा अवस्थेत फोन उचलण्याचे बळ आईजवळ असेलच असे नाही.