तुर्कस्तानातल्या कुर्दी वृत्तपत्रांना धोका नेमका कुठून असतो? फक्त बंदीचा की जिवाचाही?

दोन्ही. 'ओझगुर गुंदेम' हे दैनिक (भाषा तुर्की, भूमिका कुर्दी) मे 1992मध्ये सुरू झालं. त्याच सप्टेंबरात त्याचे ज्येष्ठ स्तंभलेखक मूसा अंतेर यांना दियारबाकिर या कुर्दीबहुल शहरात गोळ्या घालून ठार केलं. वार्ताहरांइतकाच धोका अंक विकणाऱ्यांना होता: विक्रेत्यांवर हल्ले झाले, स्टॉल जाळले गेले. अंक छापून उपयोग काय, तो वाचकापर्यंत पोचलाच नाही तर? डिसेंबर 1993च्या छाप्यात इस्तंबूलच्या कचेरीतून शंभरावर माणसं पोलिसांनी नेली, कागदपत्रं आणि संग्रहही उचलला. 1994मध्ये पत्र बंद पडलं. त्याच्या जागी आलेल्या 'ओझगुर उल्के'च्या कचेऱ्यांत 3 डिसेंबर 1994ला बाँबस्फोट झाले, एक कर्मचारी ठार झाला. तरी दुसऱ्या दिवशी अंक निघाला.

'ओझगुर गुंदेम'च्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2000मध्ये तुर्कस्तानला दोषी धरलं. पत्राने संरक्षण मागूनही सरकारने पुरेसं काही केलं नाही, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा.

आता मुख्य हत्यार कायदा. दहशतवादविरोधी कायद्याचं कलम 7/2, 'दहशतवादी प्रचार', एका बातमीलाही लावता येतं. कुर्दी भाषेतल्या 'आझादिया वेलात'चे संपादक वेदात कुर्शुन यांना 2010मध्ये 166 वर्षांची शिक्षा सुनावली, तीही छापलेल्या मजकुरासाठी. छापखानेही सुटत नाहीत: 2018मध्ये 'ओझगुर्लुक्चु देमोक्रासी' हे कुर्दी भूमिकेचं दैनिक छापणारा छापखाना सरकारने प्रशासक नेमून ताब्यात घेतला.