इंदूरमध्ये मराठी शेजाऱ्यांत राहताना ख्रिस्ती श्रद्धा आचरणात कशी दिसावी?

आपण विचारले आहे की, उपदेश न करता श्रद्धा कशी दिसावी. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने दानधर्म आणि प्रार्थना लोकांना दाखवण्यासाठी करू नये असे सांगितले आहे, म्हणून मी सुरुवात व्यवहारापासून करीन: राजवाड्याजवळ दुकान असेल तर माप पुरे असावे, आणि घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार वेळेवर द्यावा. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवांना आणून पुणे जिल्ह्यातील केडगावला आश्रय दिला, त्यांची श्रद्धा त्या कामातच दिसत होती. शेजारच्या काकूंचा दिवाळीचा फराळ आनंदाने घ्यावा, नाताळात आपलाही पाठवावा.