वॉर्डात आरोग्यासाठी पैसे थोडे, मग आधी काय करावं?

तुमच्या वॉर्ड समितीकडे थोडा निधी आहे. कुणाला डेंग्यूची फवारणी हवी, कुणाला मोठं तपासणी शिबिर, कुणाला कुत्र्यांचा बंदोबस्त. आधी कशाला हात घालायचा, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात वडगाव-खासबाग भागात घरोघरी आरोग्य सर्वेक्षण करते, त्यावरून सांगते.

ज्याची ओरड जास्त त्याला पैसा, अशीच वाटणी बहुतेक ठिकाणी होते. त्यापेक्षा आरोग्याच्या कामांचा अग्रक्रम ठरवायचं हॅनलन यांचं जुनं सूत्र वापरून बघा: (अ + २ब) × क. आजार किती जणांना आहे तो अ, किती गंभीर आहे तो ब, आणि आपल्या उपायाने तो कितपत आटोक्यात येतो तो क. खरी मेख 'क'मध्ये आहे. उपायच कुचकामी असेल तर आजार केवढाही असो, गुणाकार शून्य.

फवारणी इथेच मार खाते. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. नळाला रोज पाणी नाही, म्हणून दारोदारी बॅरल भरलेले. अंड्याचा डास व्हायला त्यात आठ-दहा दिवस पुरतात. अंडी बॅरलच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात, तेव्हा नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासावीच लागते. डेंग्यूचे पैसे द्यायचेच तर दर आठवड्याला दारात उभं राहून बॅरल घासून घेणाऱ्या बाईच्या मानधनाला द्या.

कुत्र्यांचं थोडक्यात: रेबीज झाल्यावर माणूस जवळपास वाचत नाही, पण चावल्यावर वेळेत लस मिळाली तर तो टळतो. जवळच्या केंद्रात लस शिल्लक असते का, हे आधी बघा.

माझा कौल मात्र रक्तदाबाला. त्याची ओरड कुणीच करत नाही. दवाखान्याच्या रजिस्टरवरून 'अ' काढू नका, त्यात आलेलेच दिसतात. आमच्याकडे मागावर साड्या विणणाऱ्या माणसाला मजुरी दर साडीमागे मिळते. सकाळी दवाखान्याच्या रांगेत बसला तर तेवढी साडी बुडाली. म्हणून घरी जाऊन विचारा, पण "बीपी आहे का?" असं नको. "नाही हो, देवाच्या दयेने काही नाही" हे उत्तर ठरलेलं. "शेवटचं कधी मोजलं?" म्हटलं की बाई नवऱ्याकडे बघते, नवरा मागाकडे.

शिबिरात बीपी सापडेल, पण गोळी रोज घ्यायची असते. ती द्यायला संध्याकाळी उघडा दवाखाना लागतो. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाने शहरी केंद्रांसाठी दुपारी १२ ते रात्री ८ ही वेळ सुचवलेलीच आहे, तेव्हा निवेदन त्याच आधारावर द्या.

आणि सर्वेक्षण जत्रेच्या आठवड्यात ठेवू नका, जशी आमच्या वडगावात मंगाई देवीची असते. घरात पाहुणे असताना कुणी दंडाला पट्टा बांधून घेत नाही.