करार संपू दे की, घाई कसली?

प्रश्न : मी कोल्हापूरचा, घरात सगळेच फुटबॉलवेडे. एम्बापे पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून रियल माद्रिदला गेला तेव्हा रियलनं पीएसजीला ट्रान्सफर फी (करारातला प्लेअर सोडण्यासाठी नवा क्लब जुन्या क्लबला देतो ती रक्कम) म्हणून एक दमडी दिली नाही आणि त्याला स्वतःला मोठा साइनिंग बोनस मिळाला म्हणे. मग बाकीचे प्लेअर पण करार संपेपर्यंत गप्प का बसत नाहीत? फी क्लबच्या घशात घालण्यापेक्षा आपल्याच खिशात! एवढं साधं गणित ह्यांच्या एजंटांना कळत नाही का?

उत्तर : एजंटांना चांगलंच कळतं हो, फ्री ट्रान्सफर, म्हणजे करार संपल्यावर फीशिवाय क्लब बदलणं, त्यांना तर फारच आवडते कारण वाचलेल्या फीमधून त्यांचंही कमिशन फुगतं. तरी बहुतेक प्लेअर दीड-दोन वर्षं शिल्लक असतानाच नवीन करारावर सही करून मोकळे होतात, आणि त्याला कारणं आहेत.

आधी थोडं मागचं. करार संपला की फीशिवाय जायचा हक्क मिळाला १५ डिसेंबर १९९५ ला, जाँ-मार्क बोस्मानच्या केसमध्ये. त्याचा बेल्जियमच्या लिएज क्लबबरोबरचा करार १९९० मध्ये संपला, नवीन करारात पगार थेट पाव करून ठेवला म्हणून तो फ्रान्सच्या डंकर्कला जायला निघाला, तर लिएज म्हणे करार संपला तरी आमची फी द्या. पाच वर्षं कोर्टात गेली, युरोपियन कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि तोवर बिचाऱ्याचं करिअर आटोपलं होतं. आता करार संपला की प्लेअर मोकळा, शिवाय शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लबशी पुढची बोलणी पक्की करता येतात.

आता तुमचं गणित करू. समजा पोरगा २२ वर्षांचा आहे, आठवड्याला ४०,००० पौंड घेतो, करार दोन वर्षं बाकी. सीझन झकास गेला, क्लब म्हणतो १ लाख देतो, पाच वर्षांची सही कर. त्यानं नाही म्हटलं तर आठवड्याला ६०,००० चा फटका, १०४ आठवडे, म्हणजे ६२ लाख ४० हजार पौंड. दोन वर्षांनी मिळणाऱ्या बोनसमधून आधी एवढा खड्डा भरायचा, मग पुढचा फायदा मोजायचा. आणि क्लब एवढी वाढ देतो ती काय प्रेमापोटी नाही, पोरगा फुकट गेला तर पाच-सहा कोटींची फी बुडेल म्हणून देतो. म्हणजे त्या फीतला वाटा प्लेअरला आजच मिळतोय, फक्त पगार ह्या नावानं.

बरं, सही केली म्हणजे जन्मभर अडकला असंही नाही. ग्रीझमननं २०१८ च्या उन्हाळ्यात ॲटलेटिको माद्रिदशी करार वाढवला आणि पुढच्याच उन्हाळ्यात १२ कोटी युरोचा रिलीज क्लॉज (करार मधेच सोडवायची आधीच ठरलेली रक्कम) भरून बार्सिलोनाला गेला, कारण १ जुलैपासून तो क्लॉज २० कोटींवरून १२ कोटींवर उतरेल असं करारातच होतं. वाढीव पगारही घेतला, दारही उघडं ठेवलं.

पण मला विचाराल तर खरं कारण पैसा नाही, गुडघा आणि घोटा. आर्सेनलचा सान्ती कासोर्ला आठवतो? ऑक्टोबर २०१६ मध्ये लुडोगोरेट्सविरुद्ध खेळताना दुखावला आणि मग ऑपरेशनमागून ऑपरेशन. जखमेत इन्फेक्शन झालं, टाचेवरच्या टेंडनचा जवळपास ८ सेंटीमीटर भाग सडून गेला, डॉक्टर म्हणाले मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान माना. घोट्यावर लावायला हाताची कातडी काढली, त्या कातडीवर मुलीच्या नावाचा टॅटू होता, मुलीचं नाव 'इंडिया', तर आता अर्धं नाव हातावर आणि अर्धं घोट्यावर! ह्या सगळ्या काळात तो आर्सेनलच्या करारावर होता, जानेवारी २०१७ मध्ये क्लबनं तो आणखी एक वर्ष वाढवलासुद्धा. नंतर तो व्हिलारियालकडून परत खेळला, स्पेनच्या टीममध्येही आला. पण विचार करा, हेच सगळं करार संपायला तीन महिने असताना झालं असतं तर कोणत्या क्लबनं बोनसचा चेक फाडला असता?

दुसरी भीती म्हणजे क्लब रागावतो. रागावलेला क्लब पगार देतो पण खेळवत नाही. राबियोनं २०१८ मध्ये पीएसजीचा नवीन करार नाकारला, डिसेंबरपासून त्याला टीमबाहेर बसवलं ते सीझन संपेपर्यंत. तुमच्या एम्बापेचंही काय सुखासुखी झालं नाही. २०२३ च्या जूनमध्ये त्यानं क्लबला कळवलं की एक वर्ष वाढवायचा ऑप्शन मी घेणार नाही, जुलैत पीएसजी त्याला न घेताच जपान-कोरियाच्या टूरवर गेलं, हा मागे राहून क्लबला नको असलेल्या प्लेअरांबरोबर सराव करत होता, वर्ल्डकप फायनलमध्ये हॅटट्रिक मारलेला माणूस! लीगच्या पहिल्या मॅचलाही बाहेर. नंतर समेट झाला, पण जाताना पगार-बोनसच्या साडेपाच कोटी युरोंवरून भांडण झालं ते कोर्टापर्यंत गेलं. आणि हेही लक्षात घ्या की २०२२ मध्ये ह्याच एम्बापेचा करार संपत आला होता, रियल तेव्हाही दारात उभं होतं, तरी त्यानं मे महिन्यात पीएसजीशीच सही केली होती. तेव्हा ते जास्त फायद्याचं होतं, एवढंच.

प्रश्न : पण नशीब काढलेले पण आहेत की. लेवांडोव्स्की नाही का गेला फुकटात?

उत्तर : गेला. २०१३ मध्ये डॉर्टमुंडनं त्याला बायर्नला विकलं नाही, म्हणून तो एक वर्ष थांबला, जानेवारी २०१४ मध्ये बायर्नशी करार केला आणि तो सीझन डॉर्टमुंडकडून खेळून लीगमध्ये सगळ्यात जास्त २० गोल मारले. पण त्याच्यासाठी बायर्न आधीपासून ताटकळलेलं होतं. असं गिऱ्हाईक आधीच बांधून ठेवलेलं असेल तर थांबण्यात अर्थ आहे. नसेल तर डी हेया बघा, २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा करार संपला आणि इतका नावाजलेला गोलकीपर अख्खा सीझन बिनक्लबचा घरी बसला, ऑगस्ट २०२४ मध्ये फियोरेंटिनानं घेतला. लिंगार्डही २०२३ मध्ये मोकळा झाला, महिनोन् महिने वाट बघून फेब्रुवारी २०२४ मध्ये कोरियाच्या एफसी सोलला गेला.

लिव्हरपूलचं २०२५ तर एकाच घरातली तीन उदाहरणं. सालाह, व्हॅन डाईक, अलेक्झांडर-आर्नोल्ड, तिघांचे करार एकाच जूनमध्ये संपणार होते. तिशी ओलांडलेल्या दोघांनी एप्रिलमध्ये सह्या केल्या. २६ वर्षांचा घरचा पोरगा अलेक्झांडर-आर्नोल्ड रियलला निघाला, तर ११ मे ला आर्सेनलविरुद्ध मैदानात उतरल्यावर बॉल त्याच्या पायाला लागला की आपलेच प्रेक्षक हुर्यो करत होते. पेठेतला प्लेअर दुसऱ्या तालमीकडं गेला की गल्लीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको! आणि गंमत म्हणजे क्लब वर्ल्डकपसाठी तो महिनाभर आधी हवा म्हणून रियलनं लिव्हरपूलला साधारण १ कोटी युरो दिलेच. सप्टेंबरमध्ये मार्सेविरुद्ध पाचेक मिनिटांत त्याची मांडी धरली आणि तो बाहेर गेला. तोवर सहा वर्षांचा करार खिशात होता म्हणून बरं.

प्रश्न : एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी करार संपला तर? पुढं सगळं आयुष्य पडलेलं असतं, मग रिस्क कसली?

उत्तर : तिथं वेगळीच मेख आहे. इंग्लंडमध्ये २४ च्या आतला प्लेअर करार संपवून तिथल्याच दुसऱ्या क्लबला गेला आणि जुन्या क्लबनं त्याला चांगली ऑफर दिलेली असेल, तर जुन्या क्लबला भरपाई मिळते, दोघांचं जमलं नाही तर ट्रायब्युनल आकडा ठरवतं. डॅनी इंग्ज २०१५ मध्ये बर्नलीहून लिव्हरपूलला 'फुकट' गेला, त्याचं बिल आलं ६५ लाख पौंड, वर पुढच्या कामगिरीनुसार आणखी १५ लाखांपर्यंत.