भाषणावर लोकांचा विश्वास कशानं बसतो?

प्रश्न: गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागलीय, मी पहिल्यांदाच उभा आहे. यूट्यूबवर मोठ्या नेत्यांची भाषणं बघून आवाज, हातवारे सगळं बसवलं, पण कोपरा सभेत बोलायला लागलो की लोक मोबाईल काढतात. नेत्यांचं लोकांना पटतं ते कशामुळे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: साताऱ्याचे आहात म्हणजे १८ ऑक्टोबर २०१९ची शरद पवारांची सभा तुम्हाला माहीत असणारच. सगळ्यांच्या लक्षात पाऊस राहिला, ७८ वर्षांचा माणूस छत्रीशिवाय भिजत बोलतोय तो फोटो रातोरात सगळीकडे फिरला. पण मला विचाराल तर खरं काम केलं ते त्यांच्या एका कबुलीनं. लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली, असं ते भर सभेत बोलले. उदयनराजे राष्ट्रवादीकडून निवडून येऊन काही महिन्यांतच भाजपमध्ये गेले होते, त्यामुळे "तिकीट तुम्हीच दिलं होतं ना?" हे कुणीही विचारलं असतं, आणि कुणी विचारायच्या आत पवारांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. ज्यात आपलं नुकसान आहे असं माणूस आपणहून सांगतो तेव्हा त्याचं पुढचं बोलणंही लोक कान देऊन ऐकतात. उदयनराजेंच्या राजीनाम्यामुळे लागलेल्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील ८७ हजारांवर मतांनी निवडून आले. अर्थात नुसत्या भाषणानं नाही, पाटील आधी दोनदा कराडचे खासदार होते, माणूस लोकांच्या ओळखीचा होता.

त्याच वर्षी लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरेंचं "लाव रे तो व्हिडिओ" गाजलं. सरकारी जाहिरातीत मेळघाटातलं हरिसाल हे डिजिटल गाव म्हणून दाखवलं होतं, तर गाव प्रत्यक्षात तसं नाही हे दाखवायला राज यांनी त्या जाहिरातीतला तरुणच स्टेजवर उभा केला! नुसता आरोप करून सोडला नाही, पुरावा समोर आणला, म्हणून सभा तुफान झाल्या. पण मनसेचा एकही उमेदवार रिंगणात नव्हता आणि ज्यांच्याविरुद्ध ते बोलत होते त्या भाजप-शिवसेना युतीला निकालात राज्यातल्या ४८पैकी ४१ जागा मिळाल्या. सभेची गर्दी म्हणजे मतं असं धरून चालू नका.

तुमच्याकडे तर लोक तुम्हाला लहानपणापासून बघतायत, तिथं बसवलेला आवाज लगेच ओळखू येतो, तो आधी सोडा. तुमच्या पॅनेलनं मागच्या वेळी काय कबूल केलं होतं आणि त्यातलं काय राहिलं ते पहिल्या दोन मिनिटांत स्वतःच सांगून टाका, टाकीचं काम अडलं असेल तर कुठे अडलं, कागद कुठल्या टेबलावर आहे तेही सांगा. आकडा द्यायचा तर ग्रामसेवकाकडून लेखी घेऊन या आणि तो कागद सभेत फिरवा, लोकांना हातात घेऊन वाचू द्या. विरोधकाचं एखादं काम खरंच चांगलं झालं असेल तर त्याचं नाव घेऊन सांगा, कार्यकर्ते नाराज झाले तरी चालेल. आणि बोलणं दहा मिनिटांत आटपून माईक लोकांकडे द्या, प्रश्न येऊ देत.