पटाशी वापरताना हात कापू नये म्हणून कोणते हातमोजे घ्यावेत? आणि हात बसेपर्यंत धार बोथट ठेवली तर चालेल का?

धार बोथट ठेवू नका. हा सल्ला तुम्हाला ज्याने दिला, त्याने पटाशी कधी नीट चालवलेली नाही. मी सुतार आहे, आणि नेमक्या याच मुद्द्यावरून एका मुकादमाशी माझं कायमचं बिनसलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या कारखान्यात नव्या पोरांना मुद्दाम बोथट पटाश्या द्यायचे. मुकादमाचं म्हणणं, आधी हात बसू दे, मग धार. एक पोरगा दाराच्या चौकटीची खाच साफ करत होता. शिकंजे, म्हणजे लाकूड आवळून धरायची साधनं, मोजकेच, तेही जुन्या कारागिरांनी अडवलेले. म्हणून तुकडा डाव्या हाताने टेबलावर दाबून तो उजव्या हाताने पटाशी रेटत होता. खाचेच्या तोंडाशी गाठ आली. धार असती तर गाठीचे पातळ पापुद्रे निघाले असते, ही पटाशी तिथेच अडली. पोराने खांद्याचा जोर लावला, पटाशी गाठीवरून सटकली ती थेट डाव्या अंगठ्याच्या मुळात. अंगठा वाकवणारी आतली कंडरा तुटली. शस्त्रक्रिया झाली, पण तो अंगठा आजही पुरता मिटत नाही.

मुकादमाने मालकाला सांगितलं की पटाशीला धार जास्त झाली होती. मी तीच पटाशी उचलून खिडकीशी नेली आणि दोघांसमोर उजेडात धरली. कडेवर पांढरी रेघ चमकत होती. खऱ्या धारेवर अशी रेघ दिसत नाही, कारण उजेड परतायला तिथे जागाच नसते. रेघ दिसली म्हणजे कड गोल झाली. नखावर टेकवली तर रुतायचं सोडून ती सरकली. तरी मुकादमाचं उत्तर काय, तर ‘बोथट होती म्हणून अंगठा वाचला.’ हे वाक्य मला अजून सहन होत नाही. अहो, धार असती तर एवढा जोर लावावाच लागला नसता! आणि डावा हात पटाशीच्या वाटेत आला तो शिकंजा मिळाला नाही म्हणून. नव्या पोराला आधी शिकंजा द्यायचा असतो, जुन्या कारागिराला तुकडा कसा अडकवायचा ते कळतं.

तेव्हा तुम्ही आधी धार लावायला शिका. नेहमीच्या कामाला ढाळ, म्हणजे धारेकडचा तिरका उतार, 25 ते 30 अंशांचा ठेवा, कठीण लाकडात ठोकून खाच पाडायची असेल तर थोडा जास्त. पटाशीची पाठ, म्हणजे ढाळाच्या मागची सपाट बाजू, धारेच्या दगडावर पूर्ण सपाट टेकली पाहिजे, लोक ढाळच घासत बसतात आणि पाठ विसरतात. ढाळ घासता घासता पाठीकडे बारीक कड उलटते, बोट धारेच्या दिशेने बाहेर ओढलं की ती खरखर लागते. ती पाठीकडून हलकेच काढा. ग्राइंडर वापरलात तर वारंवार पाण्यात बुडवा, टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग धार टिकत नाही.

काम करताना लाकूड शिकंज्यात किंवा क्लॅम्पखाली पक्कं, आणि दोन्ही हात धारेच्या मागे. एक हात मुठीवर, दुसरा पात्यावर, ढकलायला एक आणि आवरायला एक. पात्यावरची बोटं धारेपुढे जाऊ देऊ नका. एका वेळी थोडंच काढा. तासताना पटाशी लाकडात खोल खेचली जायला लागली तर तुम्ही लाकडाच्या रेषांच्या उलट चालला आहात, दुसऱ्या बाजूने या.

धारदार पटाशी लागली तर खोल कापते, आणि कधीकधी रक्त दिसेपर्यंत कळतही नाही, हे खरंच आहे. टेबलावरून पडली तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या. खिशात तर ठेवूच नका.

हातमोज्यांचं म्हणाल तर शिकंज्यावरच्या कामात मी घालत नाही, मुठीची पकड कळत नाही. हातात धरून कोरीवकाम करणार असाल तर धरणाऱ्या हातात कापरोधक मोजा घाला, पण तो ओरखडा अडवतो, जोराने घुसणारं टोक अडवेलच असं नाही.

हे सगळं लाकडाच्या पटाशीचं झालं. लोखंड कापायची छिन्नी चालवणार असाल तर चष्मा आधी. ठोकून ठोकून डोकं पसरलं असेल तर कडेचे कंगोरे घासून काढल्याशिवाय तिच्यावर हातोडा मारू नका, त्यांचे तुकडे उडून डोळ्यात जातात.