मावशी, मी प्रभूपासून तुटले का?

‘मावशी, सलाम. मी ३४ वर्षांची, राहायला हडपसरला, नोकरी खराडीत. दोन मुलं, सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याच्या शिफ्ट. माहेर नारायणगावचं, वडिलांची द्राक्षबाग आहे. लग्नाआधी चर्चच्या तरुण संघात होते, क्वायरमध्ये गायचे, पहाटे उठून बायबल वाचायचे. आता रात्री प्रार्थनेला डोळे मिटले की झोपच लागते. रविवारी उपासनेत घड्याळ बघत बसते. बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “आजचे अध्याय झाले” म्हणून सगळ्या अंगठा टाकतात. मीही टाकते, न वाचता. प्रभूपासून मी तुटले का? क्वायरमध्ये परत जावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडाने जाऊ?’

सलाम, पोरी.

आधी तो अंगठा बंद कर. वर्षभरात अख्खं बायबल संपवायचा हा हिशेब ज्यांना जमतो त्यांनी खुशाल करावा. तुला त्यातून मिळतंय काय, तर रोजचं एक खोटं आणि रोजची एक टोचणी. ग्रुपवर सरळ लिही, ‘मला सध्या जमत नाही.’ बघ, आणखी दोघीतिघी हळूच सुटकेचा श्वास टाकतील.

आता झोपेचं. पहिल्या राजे पुस्तकाचा १९ वा अध्याय काढ. एलीया संदेष्टा इतका थकला होता की झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं आणि तिथेच झोपला. देवदूत आला, पण ‘प्रार्थना का चुकली’ असं त्याने विचारलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवलं, ‘ऊठ, खा’ म्हणाला. एलीया जेवला, पुन्हा झोपला, आणि देवदूताने पुन्हा उठवून जेवू घातलं. होरेब डोंगरावर देवाचा तो मंद स्वर त्याला पुढे ऐकू आला, त्याआधी दोन जेवणं आणि दोन झोपा झाल्या होत्या. तेव्हा रात्री अकराला डोळे मिटले तर मिटू देत.

राहिला तुटण्याचा प्रश्न. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात प्रभू म्हणतो, मी वेल, तुम्ही फाटे. हे तुझ्या वडिलांइतकं मी काय समजावणार! एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बाग कशी दिसते ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस: वेलीच्या आडव्या फांद्या, नुसते ओलांडे, पान नाही की सावली नाही. मग नवी फूट येते आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्या काडीच्या डोळ्यात, जिथून पुढची फूट येते तिथे, सूक्ष्मघड तयार होतो. तेव्हा बागेत शिरलेल्या माणसाला एक मणीही दिसत नाही. घड दिसतो तो ऑक्टोबरच्या, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर. आणि त्या अध्यायात छाटणी होते ती फळ देणाऱ्या फाट्याची. तुटलेल्याला छाटायला कोण जातंय? तुटलेली असतीस तर हे पत्र तू लिहिलंच नसतंस.

मात्र घरातला प्रत्येक ताप देवाच्या कात्रीवर ढकलू नकोस. मुलं, स्वयंपाक, औषधं सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर असेल तर ती देवाची छाटणी नाही, ती घरातली वाईट वाटणी आहे. ती नवऱ्याशी बोलून सोडवायची.

पहाटेचं वाचन मुलं लहान आहेत तोवर सोडून दे. ‘निरंतर प्रार्थना करा’ असं पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं, तेव्हा त्यांच्यातही हातावर पोट असलेली माणसं होतीच. मुंढव्याच्या चौकात गाडी अडकते ना रोज? संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं तेविसावं स्तोत्र तिथे म्हण, हेल्मेटच्या आत कुणाला ऐकू जात नाही. गोड शब्द ओठांवर येत नसतील त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवं वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तक्रार हीही प्रार्थनाच असते.

संध्याकाळी सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावतेस का? लावत असशील तर तीच वेळ घरच्या प्रार्थनेची धर. तू तेल लाव, त्या मोठ्याने वाचतील, मुलं जमतील तशी बसतील. वेलीचं ते बोलणं ज्या रात्री झालं, त्याच रात्री, योहानाच्याच १३ व्या अध्यायात, प्रभू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धूत होता. आणि सासूबाईंना सांग, माझं नाव घेऊन प्रार्थना करा. स्वतःला जमत नाही तेव्हा दुसऱ्याने आपल्यासाठी मागायचं, मंडळी त्यासाठीच असते.

मोबाईलवर वाचलं तर चालतं का, हे तू विचारलं नाहीस, पण सगळ्या विचारतात. चालतं.

रविवारी घड्याळ बघत का होईना, जा. प्रभुभोजन चुकवू नकोस. भाकर हातावर ठेवताना पाळक तुझं मन आज कसं आहे ते विचारत नाहीत.

एक मात्र बघ. कशातच गोडी उरली नसेल, मुलांचं हसणंही नकोसं वाटत असेल, विनाकारण रडू येत असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेट. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

क्वायरचं म्हणशील तर आहे त्याच तोंडाने जा, गायला तेच लागतं. प्रॅक्टिसचा वार विचारून घे आणि नवऱ्याला आजच सांग, त्या संध्याकाळी मुलं तुझ्याकडे.